चारचौघांतला पश्चात्ताप

1639 मध्ये बॉस्टनच्या एडवर्ड पामरने गावासाठी खोडा बनवला. अपराध्याचे पाय फळ्यांत अडकवून त्याला चारचौघांसमोर बसवायचे, हे त्या खोड्याचे काम. पामरने लावलेले लाकूडकामाचे पैसे न्यायालयाला अवाजवी वाटले. त्याला पाच पौंड दंड झाला, वर तासभर खोड्यात बसण्याची शिक्षा!

बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत होते, तिथे पाप ही ज्याची त्याची खासगी बाब नव्हती. 1630 साली वसाहतीचे पुढारी जॉन विन्थ्रॉप यांच्याबरोबर आलेल्या प्युरिटन पंथीयांची श्रद्धा अशी, की आपण सगळ्यांनी मिळून देवाशी करार केला आहे. एकाने तो मोडला तर कोप साऱ्या गावावर. त्यामुळे शेजाऱ्यावर नजर ठेवणे हे धर्मकर्तव्यच झाले. 1634 मध्ये रॉबर्ट कोल या दारुड्याला लाल कापडाचे ‘डी’ (ड्रंकर्ड, म्हणजे दारुडा) अक्षर वर्षभर गळ्यात वागवण्याची शिक्षा सुनावली गेली. व्यभिचाराला तर मृत्युदंड होता. 1644 मध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन फासावर गेले. पुढे 1694 च्या कायद्याने त्याऐवजी गळ्यात दोर घालून तासभर फाशीच्या चौथऱ्यावर बसवणे, फटके आणि कपड्यांवर कायमचे दोन इंची ‘ए’ (ॲडल्टरी, म्हणजे व्यभिचार) आणले. नॅथानिएल हॉथॉर्नच्या 1850 मधल्या ‘द स्कार्लेट लेटर’मुळे ते अक्षर जगभर पोचले.

पण चारचौघांत मान खाली घातली म्हणजे मनही नमले असे नाही. व्यापारी रॉबर्ट केन याचे प्रकरण पाहा. खिळे-बटणे जादा दराने विकल्याबद्दल 1639 मध्ये न्यायालयाने त्याला जबर दंड केला. चर्चनेही जाब विचारला, तेव्हा त्याने सर्वांदेखत अश्रू ढाळत लोभाची कबुली दिली. मामला मिटला असे गावाला वाटले. केनच्या मनात मात्र तो चौदा वर्षे धुमसत राहिला. 1653 मध्ये तो मृत्युपत्र लिहायला बसला आणि ते पन्नास हजार शब्दांवर गेले. मालमत्तेच्या वाटणीइतकीच त्यात आपल्यावर कसा अन्याय झाला याची कैफियत आहे. त्याच मृत्युपत्रात त्याने बॉस्टनच्या नगरसभागृहासाठी पैसे ठेवले. कबुली खोटी होती की कैफियत? बहुधा दोन्ही खऱ्या होत्या.

सॅम्युअल सेवॉल यांना कोणी जाब विचारला नव्हता. 1692 मध्ये सेलमच्या चेटूक खटल्यांत एकोणीस जणांना फाशी देणाऱ्या न्यायमंडळात ते होते. 1696 मध्ये त्यांना मृत मुलगा झाला आणि डिसेंबरात दोन वर्षांची मुलगी सारा गेली. देवाचा कोप आपल्याच घरावर आहे, हे त्यांच्या मनाने घेतले. 14 जानेवारी 1697 ला, उपासाच्या दिवशी, धर्मगुरू सॅम्युअल विलर्ड यांनी त्यांचे निवेदन भर सभेत वाचले आणि तेवढा वेळ सेवॉल आपल्या जागी उभे राहिले. खटल्यांचा दोष आणि लज्जा त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली. त्याच वर्षी त्या खटल्यांतल्या बारा ज्युरींनी लेखी क्षमा मागितली. लहानपणी साक्षी देऊन अनेकांना गोवणाऱ्या ॲन पुटनमची कबुली 1706 मध्ये चर्चमध्ये वाचली गेली. तिने मात्र आपण सैतानाच्या भुलीत सापडलो असे म्हटले.

त्या खटल्यांचे मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी माफी मागितली नाही, आणि त्यांना कोणी खोड्यातही घातले नाही. 1701 मध्ये ते वारले तेव्हा वसाहतीचे हंगामी गव्हर्नर होते.