कवीची मराठी व दप्तराची मराठी

१५३६ सालीं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनें कायद्यानें वेल्सच्या न्यायालयांतून वेल्श भाषा काढून इंग्रजी बसविली. पुढें १५८८ सालीं वेल्श बायबल छापलें गेलें, आणि कचेरीनें टाकलेली भाषा प्रार्थनामंदिरांत जगली.

बारामती व इंदापूर या शेजारच्या तालुक्यांत निराळें घडलें. निजामशाही अंमलांतहि गांवचें दप्तर कुळकर्णी मोडी लिपींत, मराठींतच लिहीत असे. मात्र त्यांत फारसी शब्दांची दाटी झाली. शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ करविला, तरी जमाबंदी, तहसील, अर्ज हे शब्द हटले नाहींत. हटावे तरी कां? तोंवर ते घरचेच झाले होते!

इकडे बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाला मोरोपंत (१७२९–१७९४) पुराण सांगत. त्यांच्या आर्या संस्कृत शब्दांनीं भरलेल्या, सामान्य कुणब्यास अवघड. पण कीर्तनकारांनीं त्या गांवोगांव पोंचविल्या.

प्रिंगल यांची आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं इंदापुरांतच नव्या पाहणीचा आरंभ केला. जमिनीची प्रतवारी लावून तीस वर्षांचा सारा ठरला. वरची कचेरी इंग्रजी झाली, तरी कुळकर्ण्याचा कागद मराठीच राहिला.

मराठीस राजभाषेचा कायदा १९६४ सालीं मिळाला, वेल्शला अधिकृत दर्जा २०११ सालीं. २०२४ सालीं मराठी ‘अभिजात’हि ठरली. मोरोपंतांचें काव्य छापलेलें असल्यानें आज कोणासहि उघडतां येतें. कुळकर्ण्याचें मोडी दप्तर वाचूं शकणारीं माणसें मात्र विरळा झालीं आहेत.