इंटरनेटचे पत्ते आणि एक जुनें अवजार

यंत्रांच्या इतिहासांत नव्या शोधांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. परंतु नवा शोध मान्य झाल्यावर त्याच्या मापाप्रमाणें जुनीं अवजारें दुरुस्त करून घेण्याचें जें किचकट काम असतें, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. संगणकाच्या जगांतील अशाच एका दुरुस्तीची ही हकीकत आहे. दुरुस्ती लहान, पण ती पुरी होण्यास २००६ पासून २०१८ पर्यंत बारा वर्षें लागलीं.

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकास पत्ता असावा लागतो. हा पत्ता कसा असावा याचे नियम १९८१ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध झाले. त्यांना ‘आय-पी’ची चौथी आवृत्ति म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील ‘आर्पानेट’ हें जाळें त्या नियमांवर चालूं लागलें. पत्त्यासाठीं ३२ द्विमान अंक राखून ठेवलेले होते. त्यांतून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते निघतात. संगणक म्हणजे विद्यापीठांत किंवा प्रयोगशाळेंत असावयाची वस्तु, अशी त्या काळची समजूत होती. तेव्हां ही संख्या अफाट वाटली असल्यास नवल नाहीं. पण पुढें घरोघर संगणक आले, मागाहून खिशांत दूरध्वनि आले, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती भांडारांतील शेवटचे पांच मोठे गट वांटले जाऊन तें भांडार रिकामें झालें.

हा दिवस येणार हें जाणत्यांनीं आधींच ओळखलें होतें. डिसेंबर १९९५ मध्यें सहाव्या आवृत्तीचे नियम प्रसिद्ध झाले. (पांचवा क्रमांक कोठें गेला, अशी शंका चौकस श्रोत्यास येईल, तो एका प्रायोगिक योजनेस पूर्वींच देऊन टाकलेला होता.) नवा पत्ता १२८ द्विमान अंकांचा. त्यांतून निघणाऱ्या पत्त्यांची संख्या लिहावयाची तर ३४ च्या पुढें ३७ शून्यें द्यावीं लागतील.

पत्त्याची पद्धति बदलण्याचा अनुभव आपल्या देशासही आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं टपालखात्यानें सहा आंकडी पिनकोड सुरू केला; ती योजना आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृताचे कवि आणि मूळचे कोंकणांतले. परंतु पिनकोड हा जुन्या पत्त्याच्या शेवटीं जोडावयाचा होता. जुना पत्ता पुसला गेला नाहीं. इंटरनेटवर तशी सोय नव्हती. चौथ्या आवृत्तीचा पत्ताच जाणणाऱ्या यंत्रास सहाव्या आवृत्तीचा पत्ता वाचतांच येत नाहीं. त्यामुळें पत्त्याशीं संबंध असलेला प्रत्येक प्रोग्रॅम उघडून दुरुस्त करणें भाग पडलें.

असाच एक प्रोग्रॅम म्हणजे ‘जी-डी-बी’. रिचर्ड स्टॉलमन यांनीं तो १९८६ च्या सुमारास लिहिला. दुसऱ्या प्रोग्रॅमांतील दोष हुडकून काढणें हें त्याचें काम. चालता प्रोग्रॅम मध्येंच थांबवावा, त्याच्या पोटांत कोणत्या जागीं कोणता आंकडा आहे तें पाहावें, मग एकेक पाऊल पुढें न्यावें, अशी त्याची रीत. वैद्यानें नाडी पाहावी तसेंच हें. कधीं कधीं रोगी दूर असतो, म्हणजे दोष दुसऱ्याच कोठल्या लहानशा यंत्रांत असतो. अशा वेळीं त्या यंत्रावर ‘जी-डी-बी-सर्व्हर’ नांवाचा मदतनीस बसवितात आणि मुख्य अवजार आपल्या मेजावरून त्याच्याशीं जाळ्यामार्फत बोलतें. येथें पत्त्याचा संबंध आला.

जुन्या कोडांत दोन अडचणी होत्या. यंत्राच्या नांवावरून पत्ता शोधण्याची जी जुनी सोय त्यांत वापरली होती, ती चौथ्या आवृत्तीचेच पत्ते देई. तिच्या जागीं नवी सोय घालणें फारसें अवघड नव्हतें. दुसरी अडचण विरामचिन्हाची, आणि तीच अधिक मौजेची. पत्ता व बंदराचा क्रमांक (ज्याला ‘पोर्ट’ म्हणतात) यांच्यामध्यें अपूर्णविराम द्यावयाचा, हा जुना शिरस्ता. जुन्या पत्त्यांत केवळ टिंबें असत, म्हणून पहिला अपूर्णविराम दिसला कीं कोड तेथेंच तुकडा पाडी. नव्या पत्त्याचे आंकडे मात्र अपूर्णविरामांनींच वेगळे केलेले असतात. स्वतःच्याच यंत्राचा नवा पत्ता ‘::१’ असा लिहितात. त्यापुढें २३४५ हें पोर्ट लावलें कीं ‘::१:२३४५’ होतें. यांत पत्ता कोठें संपला आणि पोर्ट कोठें सुरू झालें? यावर तोडगा म्हणून पत्ता चौकोनी कंसांत घालावा, हा संकेत १९९९ मध्येंच वेबच्या पत्त्यांसाठीं ठरला होता. तो येथें आणावयाचा होता.

२००६ पासून तीन वेळां असे प्रयत्न झाले, पण मूळ कोडांत ते उतरले नाहींत. तोंवर जग थांबलें नव्हतें. भारत सरकारनें जुलै २०१० मध्यें सहाव्या आवृत्तीच्या प्रसाराचा आराखडा प्रसिद्ध केला. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओचें जाळें सुरू झालें आणि कोट्यवधि भारतीय आपल्याला न कळत नव्या पत्त्यांवर गेले. अशा काळांत एकाद्या कारागिराजवळचें यंत्र केवळ नव्या पत्त्यावर असेल, तर हें नाणावलेलें अवजार त्याच्या उपयोगीं पडेना. नवीं जाळीं उभारणाऱ्यांचें अवजारच त्या जाळ्यांना पारखें असावें, हें खरोखर लाजिरवाणें होतें.

२०१८ मध्यें चौथा प्रयत्न झाला. अशा खुल्या प्रकल्पांत कोणाचाही कोड एकदम स्वीकारीत नाहींत. जाणते लोक तो ओळीनें वाचतात, शंका काढतात, परत पाठवितात. या वाचनाला कित्येक जण नुसता विलंब समजतात. तसें तें नाहीं, हें पुढील उदाहरणावरून दिसेल.

‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेंच यंत्र’, या नांवास आतां दोन पत्ते मिळूं लागले: नवा ‘::१’ आणि जुना ‘१२७.०.०.१’. पुष्कळ यंत्रांवर नवा पत्ता आधीं पुढें येतो. मदतनीस जुन्या पत्त्यावर बसला असेल, तर नव्या पत्त्यावरून नकार येतो. या अवजाराची पूर्वापार संवय अशी कीं, नकार आला तरी लगेच हार मानावयाची नाहीं. मदतनीस अजून उठावयाचा असेल असें समजून ठराविक १५ सेकंदांपर्यंत पुनःपुन्हा दार ठोठवावयाचें. ही संवय जशीच्या तशी ठेवली असती, तर अवजार पहिल्याच दारावर सारा वेळ घालवितें आणि शेजारचें दार उघडें असूनही तिकडे वळतें ना. ज्यांचें काम काल बिनबोभाट चाललें होतें, त्यांचेंच काम नव्या सुधारणेनें अडलें असतें. म्हणून शेवटीं ठरलेली रीत अशी: सर्व पत्ते एकदां क्रमानें पाहावे, कोणीच दाद दिली नाहीं, आणि निदान एका ठिकाणीं नकार मिळाला असेल, तरच थोडें थांबून पुन्हा पहिल्यापासून फेरी करावी.

कंसाचाही असाच बारीक विचार झाला. उघडलेला कंस मिटविला नसेल तर चूक दाखवावी. कंस मुळींच नसेल तर शेवटच्या अपूर्णविरामापुढचा आंकडा पोर्ट समजावा. यंत्राचा गोंधळ होत नाहीं, पण वाचणाऱ्या माणसाचा होतो, यास्तव कंस वापरणें बरें, अशी शिफारस माहितीपुस्तकांत घातली. वेडेवांकडे पत्ते मुद्दाम देऊन पाहणाऱ्या चांचण्याही जोडल्या. अमुकच आवृत्ति हवी असेल त्याच्यासाठीं पत्त्यामागें ‘टीसीपी४’ किंवा ‘टीसीपी६’ लिहिण्याची सोय झाली.

जुलै २०१८ मध्यें हा कोड मूळ संग्रहांत दाखल झाला. आधींच्या तिन्ही प्रयत्नांतील कल्पना यांत घेतल्या होत्या, म्हणून त्या कर्त्यांचीं नांवेंही बदलांच्या नोंदींत घालण्यांत आलीं. मे २०१९ मध्यें ‘जी-डी-बी’ची ८.३ ही आवृत्ति बाहेर पडली. तिच्या नव्या गोष्टींच्या यादींत, सहाव्या आवृत्तीचे पत्ते आतां चालतात आणि ते कंसांत देतां येतात, एवढाच उल्लेख आहे.