सामान्य विज्ञान आणि सामान्य मूल

सहावी ते आठवीत शिकणाऱ्या कोणत्याही मुलाचे दप्तर उघडावे, त्यात ‘सामान्य विज्ञान’ नावाचे एक पुस्तक सापडते. त्यात पाने आणि मुळे आहेत, हवा-पाणी आहे, मापन, उष्णता, प्रकाश, ध्वनी, चुंबक आहे, अन्नाचे पचन आहे, रोग आहेत आणि आकाशातले तारेही आहेत. एवढे आले तरी या वयाला पुष्कळ झाले, असे कोणीही म्हणेल. परंतु आज आम्हांला आपणांपुढे ठेवावयाचा आहे तो प्रश्न थोडा निराळा आहे. ही माहिती घेता घेता मूल आणखी एक गोष्ट शिकत असते आणि ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत कोठेही छापलेली नसते. एखादी गोष्ट खरी की खोटी, हे ठरवावयाचे कोणी, हे ते शिकत असते.

पानांचाच धडा घेऊ. ज्या झाडाच्या पानावरील शिरांची जाळी असते त्याला सोटमूळ असते आणि ज्याच्या शिरा समांतर असतात त्याला तंतुमुळे असतात, असा नियम मुलांना सांगितला जातो. तूर, हरभरा, भेंडी उपटून पाहा, जाळी आणि सोटमूळ. जोंधळा, गहू, गवत उपटून पाहा, समांतर शिरा आणि तंतुमुळे. नियम खरा ठरतो. आता एखादी मुलगी परसातला अळू उपटून वर्गात घेऊन आली तर? अळूच्या पानावर शिरांची जाळी स्पष्ट दिसते आणि कांद्याला फुटलेली मुळे मात्र तंतूंसारखी असतात. अशा वेळी गुरुजी काय म्हणतात, यावर त्या मुलीचे पुढचे सारे विज्ञान अवलंबून आहे. “छान! आणखी अशी झाडे कोणती, ते शोधू या,” असे ते म्हणाले तर ती एक गोष्ट शिकेल. “परीक्षेत हे लिहू नकोस,” असे म्हणाले तर ती दुसरीच गोष्ट शिकेल. सामान्य विज्ञान या विषयाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन उत्तरांमधली ओढाताण होय, असे आम्हांस वाटते.

आपल्या भाषेत ‘वस्तुपाठ’ हा एक सुंदर शब्द आहे. आज आपण तो ‘आदर्श घालून देणे’ या अर्थाने वापरतो. परंतु मूळचा तो शाळेतला शब्द आहे. स्वित्झर्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी याच्या विचारातून निघालेली ही पद्धत एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली. आधी वस्तू मुलाच्या हाती द्यावी, ती त्याने पाहावी, हुंगावी, तोलावी, आणि मग तिच्याविषयी बोलावे, अशी ती पद्धत. शब्दाच्या आधी वस्तू, हे तिचे सूत्र होते.

या सूत्राला इंग्लंडमधील एका खेड्यात मोठे फळ आले. हँपशायर परगण्यातील किंग्ज सॉमबोर्न या गावी रिचर्ड डॉज नावाच्या पाद्र्याने १८४२ साली शाळा उघडली. गाव शेतमजुरांचे. डॉजने या मजुरांच्या मुलांना रोजच्या व्यवहारातल्या वस्तूंमधून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. घरातली भांडी, अंगावरचे कपडे, खोलीतली हवा, शेतातली अवजारे, हीच त्याची प्रयोगशाळा. मुले नुसती ऐकत नव्हती, कारण विचारीत होती. सरकारी तपासनीसांनी या शाळेची वाखाणणी केली आणि तिचे नाव सर्वत्र झाले.

आणि येथेच पहिली ठेच लागली. १८६० च्या सुमारास लॉर्ड रॉटस्ली या विद्वान उमरावाने अशा शिक्षणाविषयी आपले मत लिहून ठेवले आहे. गरिबांच्या एका शाळेत श्वासोच्छ्वासाविषयी प्रश्न विचारला असता एका दरिद्री, लंगड्या मुलाने पुढे येऊन अचूक उत्तर दिले, हे त्यांना आढळले. यावरून त्यांना आनंद झाला असेल असे आपणांस वाटेल. पण त्यांना भय वाटले. खालच्या वर्गाची मुले बुद्धीच्या बाबतीत वरच्या वर्गाच्या मुलांना मागे टाकू लागली, तर ती समाजाची अवस्था निरोगी म्हणता येणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. हे गृहस्थ विज्ञानाचे शत्रू नव्हते. ते स्वतः खगोलशास्त्रज्ञ होते आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. विज्ञान हवे, पण ते आधी कोणाला हवे, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे १८६२ साली इंग्लंडमध्ये शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आले. मुलांची वाचन, लेखन आणि गणित यांत परीक्षा घ्यावयाची आणि निकालाप्रमाणे शाळेला पैसे द्यावयाचे, असे ठरले. विज्ञान त्या परीक्षेत नव्हते. मग ते कोण शिकविणार? बंदीचा हुकूम न काढताही एखादा विषय शाळेतून कसा घालवता येतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. परीक्षा ज्याला विचारीत नाही ते शाळा शिकवीत नाही, हा धडा तेव्हापासून पुन्हा पुन्हा गिरवला गेला आहे.

आपल्याकडे याच काळात दुसऱ्या बाजूने आवाज उठला. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो ज्या रयतेकडून येतो तिची मुले अक्षरओळखीविना राहतात, हे त्यांचे गाऱ्हाणे प्रसिद्ध आहे. परंतु प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हेही त्यांनी त्यात सांगितले होते. मोडी आणि बाळबोध वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे पाठ त्यांनी मागितले. कुणब्याच्या मुलाला त्याच्या हातातल्या मातीचे ज्ञान शाळेने द्यावे, ही ती मागणी होती. रॉटस्लींना ज्याचे भय वाटले, तेच जोतीरावांना हवे होते.

त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि महात्मा गांधींच्या कल्पनेला डॉ. झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रमाचे रूप दिले. नयी तालीम म्हटली की आपणांस टकळी आणि सूत आठवते. पण त्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञान हा एक स्वतंत्र विषय होता, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर आणि आरोग्य, रसायन, तारे आणि थोर शास्त्रज्ञांच्या कथा, असा त्याचा विस्तार होता. मुलाने अचूक निरीक्षण करावे आणि अनुभव प्रयोगाने पडताळून पाहावा, हा त्यामागचा हेतू होता. वर्ध्याच्या मातीत पेरलेले हे बी उद्योगशाळांबरोबरच मागे पडले, ही दुःखाची गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर हा विषय सरकारी मार्गाने शाळेत आला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षणात सामान्य विज्ञानाला स्थान दिले. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तर शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. सामान्य विज्ञान या मिश्र विषयावर मात्र आयोग संतुष्ट नव्हता. वरच्या प्राथमिक वर्गांत भौतिक, रसायन, जीव अशा शाखा करून शिकविणे बरे, असे त्याचे मत पडले. दहा वर्षांच्या आत, १९७५ च्या राष्ट्रीय आराखड्यात, पुन्हा एकत्रित विज्ञानाचा पुरस्कार झाला. एक विषय की तीन, हा वाद मोठ्या माणसांत चालू राहिला. वर्गात मात्र गुरुजी धडा वाचीत होते आणि मुले व्याख्या घोकीत होती. १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची भर पडली आणि त्यांत वैज्ञानिक दृष्टी वाढविणे हेही एक कर्तव्य ठरले. ज्याने शाळेत एकही प्रयोग केला नाही त्याने हे कर्तव्य कसे बजावावे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

ही कोंडी फोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सरकारच्या परवानगीने सोळा माध्यमिक शाळा हाती घेतल्या. सहावी, सातवी आणि आठवी हे तीनच वर्ग. दिल्ली विद्यापीठातील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ खेड्यातल्या गुरुजींच्या मांडीला मांडी लावून बसले. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ साली त्याची धुरा वाहण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली.

तेथे काय शिकवीत होते? पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात उत्तरे नव्हती. हे करा, काय दिसले ते लिहा, असे का झाले असेल, असे ते पुस्तक विचारी, आणि मुलाची वही भरली म्हणजेच पुस्तक पुरे होई. चार-चार मुलांची टोळी करून प्रयोग चालत. पिठाच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की ते निळेकाळे होते. त्याच पाण्यात आपली लाळ मिसळून थोडा वेळ ठेवले आणि मग आयोडीन टाकले, तर तो रंग येत नाही. अन्नाचे पचन तोंडातच सुरू होते, हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही. फुलाचे भाग उघडण्यास सुई नसेल तर बाभळीचा काटा चाले. सवालीराम नावाच्या एका काल्पनिक मित्राला मुले पत्रे लिहून मनातले प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे येत.

या कामात महाराष्ट्राचाही हात होता. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील तरुण अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृती करण्याचा त्यांचा खेळ तेथेच जन्मला. इकडे मुंबईत टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महापालिकेच्या शाळांत काम केले आणि त्यातून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातही काम केले. केंद्राचे प्रा. वि. गो. कुलकर्णी यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये. विज्ञानाच्या पाठाची भाषा सोपी केली की तीच मुले तोच विषय अधिक चांगला समजतात. गरिबाचे मूल विज्ञानात मागे पडते, त्याला पुष्कळ वेळा विज्ञान कारण नसते, आपण वापरलेले जड शब्द कारण असतात.

परंतु होशंगाबादचे खरे धैर्य परीक्षेत होते. तेथे मुलांना पुस्तक आणि स्वतःची वही परीक्षेत नेण्याची मुभा होती. लेखी परीक्षेबरोबर प्रयोगाची परीक्षाही होती. ज्याने प्रयोग केलाच नाही त्याला पुस्तक उघडे ठेवूनही उपयोग नव्हता. १८६२ साली इंग्लंडात परीक्षेने विज्ञान घालविले होते. येथे परीक्षेनेच ते राखले. हा कार्यक्रम तीस वर्षे टिकला, त्याचे मुख्य कारण आमच्या मते हेच.

२००२ साली पंधरा जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळांत तो चालू होता आणि एक लाखाच्या आसपास मुले त्यात शिकत होती. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने तो बंद केला. सर्व राज्यात एकच पुस्तक असावे, या मुलांना पुढच्या वर्गात आणि स्पर्धेच्या परीक्षांत अडचण येते, असे आक्षेप होते. पालकांची ही काळजी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याला आपल्या मुलाचे पुढे कसे होईल, याची चिंता असणारच. पण त्या चिंतेवर उपाय दोन होते. पुढच्या परीक्षा बदलणे, किंवा हे शिक्षण बंद करणे. आपण सोपा उपाय निवडला. देशभरातील शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेध केला, पण निर्णय फिरला नाही.

प्रा. यशपाल समितीने १९९३ साली दप्तराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला, तेव्हा पाठीवरच्या ओझ्याहून न समजण्याचे ओझे अधिक वाईट आहे, हे तिने स्पष्ट केले होते. २००५ चा राष्ट्रीय आराखडा याच यशपालांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला आणि त्यात मूल स्वतः ज्ञान घडविते हा विचार मध्यवर्ती झाला. नव्या पुस्तकांत ‘करून पहा’ अशा चौकटी आता असतात. होशंगाबादचे कार्य अगदी वाया गेले नाही, असे म्हणावयास जागा आहे. तथापि चौकट पुस्तकात छापणे निराळे आणि ती वर्गात उतरणे निराळे.

तेव्हा मुलाला सामान्य विज्ञानात काय येते, हे पाहावयाचे असेल तर त्याचे गुणपत्रक मागू नये. त्याला एवढेच विचारावे, “बाळ, हे तू स्वतः करून पाहिलेस काय?” रॉटस्लींना भय वाटले ते त्या लंगड्या मुलाच्या माहितीचे नव्हते. त्याच्यातला आत्मविश्वास त्यांना खुपला होता. ज्याने आपल्या डोळ्यांनी एक गोष्ट पडताळून पाहिली, तो पुढे दुसरीही पडताळून पाहील, मग ती बाजारातली असो, सभेतली असो की देवळातली असो. हा अधिकार आपल्या सामान्य मुलांना द्यावयाचा की नाही, हे कोणत्याही आयोगाने ठरविण्याचे नाही. अळूचे पान घेऊन वर्गात शिरणाऱ्या त्या मुलीला आपण काय उत्तर देतो, त्यावर ते ठरणार आहे.