पेनड्राइव्हमधली गाणी साउंड सिस्टीमवर वाजत नाहीत? क्रमाने हे तपासा

रामटेकची कार्तिक पौर्णिमेची यात्रा असो, गणपतीचा मंडप असो की घरची हळद. ऐन वेळी पेनड्राइव्ह लावावा आणि सिस्टीमवर 'नो फाइल' दिसावं, असं बऱ्याचदा होतं. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायला सहसा परवानगी नसते, त्यामुळे हातात वेळही मोजकाच असतो. दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी या गोष्टी पाहा.

१. मोड आणि पोर्ट
सिस्टीम ब्लूटूथ किंवा ऑक्सवर तर नाही ना? 'मोड' किंवा 'सोर्स' बटण दाबून यूएसबी निवडा. काही पोर्ट फक्त मोबाइल चार्जिंगसाठी असतात, त्यावर गाणी वाजत नाहीत.

२. दोष नेमका कुणाचा?
दुसरा पेनड्राइव्ह लावा. तो वाजला तर सिस्टीम ठीक आहे. तोही वाजला नाही तर पोर्टमधली धूळ पाहा आणि सिस्टीम बंद करून पुन्हा सुरू करा. यूएसबी २.० पोर्ट साधारण ५०० मिलीअँपिअर वीज देतो. पेनड्राइव्हला तेवढी पुरते, पण पोर्टेबल हार्ड डिस्कला कमी पडू शकते.

३. पेनड्राइव्हचा फॉरमॅट
बहुतेक साध्या सिस्टीम 'फॅट३२' वाचतात. 'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट' अनेकींना कळत नाही. संगणकात ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फाइल सिस्टीम' काय लिहिलंय ते पाहा. फॉरमॅट बदलताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून गाणी आधी दुसरीकडे कॉपी करा. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत 'फॅट३२' हा पर्याय बरीच वर्षं ३२ जीबीपर्यंतच मिळत आला आहे. त्यामुळे गाण्यांसाठी १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह सोयीचा.

४. गाण्याची फाइल
एमपी३ जवळपास सगळीकडे चालते. एम४ए, फ्लॅक किंवा व्हॉट्सअॅपवरची ऑडिओ क्लिप प्रत्येक सिस्टीमवर चालेलच असं नाही. फाइलच्या नावाशेवटी नुसतं एमपी३ लिहून भागत नाही, ती कन्व्हर्टरने बदलावी लागते. गाण्यांच्या अॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी बहुधा त्या अॅपपुरतीच कुलूपबंद असतात. ती पेनड्राइव्हवर टाकून वाजत नाहीत.

५. गाणी वाजतात, पण क्रम चुकतो
अनेक प्लेअर नावाप्रमाणे नाही, तर ज्या क्रमाने फाइल कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. आरती आधी हवी असेल तर नावापुढे ०१, ०२ असे आकडे घाला आणि त्याच क्रमाने एकेक कॉपी करा. मराठी नावांऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका. डिस्प्लेला देवनागरी अक्षरं येत नाहीत इतकंच, गाणं शाबूत असतं.

शेवटचं, पण महत्त्वाचं: संगणकातून पेनड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढा. कॉपी चालू असताना ओढला तर फाइल अर्धवट राहते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच सिस्टीमवर गाणी वाजवून पाहा आणि तीच गाणी दुसऱ्या पेनड्राइव्हवरही ठेवा.