उलट्या सूचीची कुळकथा

मुलुंडमध्ये सध्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचा हंगाम आहे. पूर्वेला मिठागर रोडच्या आसपास असो की पश्चिमेला जवाहरलाल नेहरू मार्गावर, चाळीस-पन्नास वर्षं जुन्या सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला की जुन्या ठरावांची गरज पडते. गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीने करायचा असं कधी ठरलं होतं? पार्किंगची जागा कोणाला, कुठल्या अटीवर दिली? उत्तर इतिवृत्ताच्या वह्यांमध्ये असतं आणि वह्या कपाटात असतात. पण वही तारखेने लिहिलेली असते आणि विचारणाऱ्याला विषय हवा असतो. दरम्यान सेक्रेटरी बदललेले असतात, अक्षरं बदललेली असतात, आणि ज्यांना सगळं तोंडपाठ होतं ते आता जिना उतरून सभेला येऊ शकत नाहीत.

मजकुरात शोध घेणारं सॉफ्टवेअर नेमकं याच अडचणीवर चालतं. तुम्ही शब्द टाकता तेव्हा ते वह्या चाळायला बसत नाही. सगळा मजकूर त्याने आधीच एकदा वाचून उलटा मांडून ठेवलेला असतो. तीन ठराव घेऊन हे पाहू. क्रमांक १२: गच्चीच्या गळतीची डागडुजी करावी. क्रमांक २७: घरातील गळतीचा खर्च सभासदाने करावा. क्रमांक ४१: गच्चीवर नवी टाकी बसवावी. वहीत ठरावाखाली शब्द आहेत. उलट्या सूचीत शब्दाखाली ठराव येतात. गच्ची: १२, ४१. गळती: १२, २७. खर्च: २७. टाकी: ४१. ‘गच्ची’ आणि ‘गळती’ दोन्ही हवं असेल तर दोन ओळी शेजारी ठेवायच्या आणि दोन्हींत असलेला आकडा उचलायचा: १२. तीन ठरावांऐवजी तीन लाख असले तरी रीत हीच.

या रीतीचं कूळ संगणकाहून फार जुनं आहे, आणि त्यातली एक शाखा आपल्या घरचीच आहे. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताची ठरलेल्या क्रमाने नोंद आहे: सुरुवातीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता, छंद. पहिल्या सूक्ताच्या ऋचा नऊ, ऋषी मधुच्छंदा, देवता अग्नी, छंद गायत्री. आज ज्याला रकान्यांत बांधलेला मजकूर म्हणतात तो हाच. सोसायटीच्या इतिवृत्ताचीही ठेवण अशीच असते: सभेची तारीख, ठराव क्रमांक, मजकूर, सूचक, अनुमोदक. मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या असा बांधीव मजकूर लिहीत आला आहे. तो यंत्राला दाखवायचा तेवढा राहिला आहे.

दुसरी शाखा पॅरिसची. तेराव्या शतकात तिथल्या डोमिनिकन मठात सेंट-शेरच्या ह्यू यांच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची तयार झाली. प्रत्येक शब्दाखाली तो कुठे येतो ती ठिकाणं दिलेली. अध्यायातली नेमकी जागा कळावी म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना अक्षरं दिली होती. या पहिल्या सूचीत फक्त ठिकाणं होती, वाक्यं नव्हती. वाचकांची त्यामुळे पंचाईत होई, म्हणून पुढच्या सूच्यांत शब्दाभोवतीचे चार शब्दही आले. आजही शोधाचा निकाल दाखवताना शब्दाच्या आगेमागचा मजकूर देतात, त्याचं मूळ इतकं मागे जातं.

महाराष्ट्रात या कामाचं सगळ्यात मोठं रूप पाहायचं तर पुण्याला येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात जावं. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली तिथे संस्कृतच्या ऐतिहासिक क्रमाने रचायच्या महाकोशाचा प्रकल्प सुरू केला. वेदांपासून पुढच्या अनेक शतकांतले सुमारे पंधराशे ग्रंथ निवडले गेले आणि त्यांतले शब्द एकेका कागदी चिठ्ठीवर उतरले: शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथ आणि ठिकाण. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावून खणांच्या कपाटांत ठेवल्या आहेत. कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडलं. तोवरची सगळी वर्षं ग्रंथ उलटे मांडण्यात गेली, आणि माझ्या मते कोशाइतकंच मोल त्या चिठ्ठ्यांचं आहे. शोधयंत्राच्या पोटात काय असतं हे नवख्याला दाखवायचं तर याहून चांगली जागा मला माहीत नाही: एक खण ओढायचा, एक शब्द घ्यायचा, त्यामागे उभ्या असलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या.

पुण्यातच भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनंतर प. ल. वैद्य यांची प्रतीकसूची सहा खंडांत काढली. श्लोकाचा एक चरण आठवत असेल तर त्यावरून पर्व आणि अध्याय सापडतो. मराठी ग्रंथांसाठी हे काम शंकर गणेश दाते यांनी केलं. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली आली. पुढे १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा भागही त्यांनी केला. अभ्यासक आजही नुसतं ‘दातेसूची’ म्हणतात. ही सूची ग्रंथाच्या पोटातल्या शब्दांत शिरत नाही, पण लेखक, नाव, प्रकाशक, साल, विषय हे रकाने तिने पक्के केले. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं, मुलुंडमध्ये महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय. अशा सगळ्या ठिकाणी वर्षानुवर्षं मान मोडून नोंदी करणाऱ्यांचं काम याच घराण्यातलं आहे.

संगणक आल्यावर वेग वाढला, रीत तीच राहिली. अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात शोधाचे निकाल क्रमाने लावायला सुरुवात केली. १९७२ साली इंग्लंडच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी एक साधा नियम मांडला: जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला वजन जास्त द्यावं. इतिवृत्तात ‘सभासद’ हा शब्द पानोपानी येतो, म्हणून त्याने काही निवडलं जात नाही. ‘वॉटरप्रूफिंग’ दोन-तीनदाच येतो, म्हणून तो नेमका ठराव वर आणतो.

भारतातल्या ग्रंथपालांच्या हाती ही विद्या पडली ती युनेस्कोच्या सीडीएस-आयसिस या सॉफ्टवेअरमुळे. वैयक्तिक संगणकावर चालणारी त्याची आवृत्ती १९८५ साली आली आणि ना-नफा संस्थांना ती फुकट मिळे. आपल्याकडे निसाट या सरकारी योजनेमार्फत तिचं वाटप झालं. त्यात प्रत्येक रकान्याला एक आकडा असायचा. नमुन्याच्या माहितीसंचात २४ म्हणजे शीर्षक, ७० म्हणजे लेखक. मग एक छोटा तक्ता भरायचा: कुठल्या रकान्याची सूची करायची आणि कशी. शून्य लिहिलं तर सबंध ओळ एकच नोंद म्हणून सूचीत जाई, चार लिहिलं तर प्रत्येक शब्द सुटा होऊन जाई. लेखकाचं नाव अखंड ठेवायचं आणि शीर्षक फोडायचं, हा निर्णय माणसाचा होता. ल्यूसीन हे डग कटिंग यांनी १९९९ साली लिहायला घेतलेलं मुक्त सॉफ्टवेअर आज असंख्य संकेतस्थळांच्या शोधामागे आहे. त्यातही नवख्याला पहिल्या दिवशी हाच तक्ता भरावा लागतो, नाव तेवढं वेगळं. म्हणून शिकणाऱ्याला माझा आग्रह असतो की आधी कागदावर रकाने काढा, आपण काय विचारणार ते लिहा, आणि मगच संगणकाला हात लावा.

मराठीत खरी कसोटी पुढे लागते. वरच्या तीन ठरावांत मी ‘गच्ची’ या शब्दाखाली १२ आणि ४१ असे आकडे टाकले, पण मजकुरात नुसता ‘गच्ची’ कुठेच नाही. ‘गच्चीच्या’ आहे, ‘गच्चीवर’ आहे. अक्षर जुळवणाऱ्या यंत्राला हे दोन वेगळे शब्द. प्रत्यय छाटावे म्हटलं तर सामान्यरूप आडवं येतं: ‘पाण्याची’ मधून ‘ची’ काढली की ‘पाण्या’ उरतं, ‘पाणी’ नाही; ‘जिन्यात’ मधून ‘त’ काढला की ‘जिन्या’. आणि डोळे मिटून छाटलं तर ‘छत’चा ‘छ’ होतो, ‘सूचना’ची ‘सूच’. ल्यूसीनमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तयार नियम आहेत, पण हिंदीत विभक्तीचे शब्द बहुधा सुटे लिहितात, आपण जोडून लिहितो. त्यामुळे हिंदीचे नियम लावून मराठी सुटत नाही. मराठीचे नियम मराठी व्याकरण जाणणाऱ्यानेच बसवायचे आहेत.

लिपीचाही प्रश्न आहे. संगणकावर देवनागरी आणण्याचं मोठं काम आधी आयआयटी कानपूरमध्ये आणि मग पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं. मोहन तांबे यांच्यासारख्या मराठी अभियंत्यांचा त्यात मोठा वाटा आहे. आता युनिकोड आहे, तरी ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला नाही. ‘ॲग्रीमेंट’ मधल्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीच्या मजकुरात तो जोडाजोड करून लिहिलेला सापडतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फायली तर आधी युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय शोधता येतच नाहीत. सूची करण्याआधी ही सगळी रूपं एकसारखी करून घ्यावी लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर असलेला ठराव ‘सापडला नाही’ असं उत्तर येतं, आणि सभेत लोक त्यावर विश्वास ठेवतात.

ज्या सोसायट्यांची इमारत पाडायला निघाली आहे त्यांच्या समित्यांना म्हणूनच विनंती आहे. सामान हलवताना इतिवृत्ताच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. पानांचे फोटो काढून ठेवा. मग तारीख, ठराव क्रमांक, मजकूर, सूचक, अनुमोदक एवढे रकाने आखून पहिल्या वहीपासून युनिकोडमध्ये टंकायला घ्या. शोधाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कॉलेजात शिकणारी शेजारची मुलगी किंवा मुलगा ते बसवून देऊ शकेल. टंकताना ‘गच्चीच्या, गच्चीवर, पाण्याची, जिन्यात’ अशा शब्दरूपांची जी यादी तयार होईल, ती शेजारच्या सोसायटीलाही द्या. त्यांच्याही वहीत हेच शब्द आहेत.