संपादकपद आणि पक्षसत्ता : मार्टिन ट्रानमेल यांचे राजकीय जीवन

नॉर्वेतील मजूर चळवळीत वृत्तपत्र हे पक्षाचे अपत्य नसून त्याचे ज्येष्ठ भावंड होय. क्रिस्टियान होल्टरमान क्नुडसेन यांनी राजधानीत १८८४ साली मजुरांचे पत्र काढले. मजूर पक्षाची स्थापना त्यानंतर तीन वर्षांनी, १८८७ मध्ये झाली. पुढे 'सोशल-डेमोक्राटेन' या नावाने चाललेल्या याच पत्राचे संपादकत्व १९२१ मध्ये मार्टिन ट्रानमेल यांच्याकडे आले. ट्रानमेल कधीही मंत्री झाले नाहीत. संसदेतही ते १९२५ ते १९२७ एवढाच काळ होते. असे असूनही दोन महायुद्धांमधील नॉर्वेजियन मजूर चळवळीचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. अधिकारपदावाचून लाभलेल्या या सत्तेचे मूळ कशात होते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

ट्रानमेल यांचा जन्म १८७९ साली ट्रॉनहाइमच्या दक्षिणेस मेलहुस येथे शेतकरी कुटुंबात झाला. घरे रंगविण्याचा त्यांचा व्यवसाय. शतकाच्या आरंभी ते अमेरिकेत राहिले आणि तेथील लढाऊ कामगार संघटनांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. परतल्यावर ट्रॉनहाइमच्या 'न्यू टिड', म्हणजे 'नवा काळ', या पत्रातून त्यांनी लेखणी चालविली व पुढे त्याचे संपादकपदही स्वीकारले. १९११ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कामगार संघटनांतर्गत विरोधी गट उभा राहिला. मालकांशी केलेले दीर्घ मुदतीचे बंधनकारक करार नाकारावेत आणि संप, सहानुभूतीचा संप व बहिष्कार ही साधने वापरावीत, अशी या गटाची भूमिका होती. १९१८ च्या अधिवेशनात याच जहाल पक्षाचे बहुमत झाले. किरे ग्रेप अध्यक्ष झाले आणि ट्रानमेल चिटणीस.

१९१९ मध्ये हा पक्ष कम्युनिस्ट इंटरनॅशनलमध्ये सामील झाला. परंतु मॉस्कोची शिस्त आणि नॉर्वेतील पक्षाची घडण यांचा मेळ बसणे कठीण होते. नॉर्वेत कामगार संघटना सामुदायिकरीत्या पक्षाच्या सभासद असत. मॉस्कोला मात्र व्यक्तिगत सभासदत्वावर उभारलेला, केंद्राज्ञा पाळणारा पक्ष हवा होता. हा वाद शब्दांपर्यंतही पोहोचला. 'सोशल-डेमोक्राट' हे नाव धारण करणाऱ्या पत्रांनी ते टाकून द्यावे, अशी मागणी इंटरनॅशनलने १९२२ मध्ये केली. १९२३ मध्ये ट्रानमेल यांच्या पत्राने 'आर्बाइडरब्लाडेट', म्हणजे 'कामगारपत्र', हे नाव घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात १६९ विरुद्ध ११० मतांनी पक्षाची बाजू मॉस्कोच्या विरोधात गेली. अल्पमतवाल्यांनी कम्युनिस्ट पक्ष स्थापला. संबंध तुटला, नाव मात्र राहिले. ते १९९७ पर्यंत टिकले. मॉस्कोच्या आग्रहातून आलेले नाव मॉस्कोपासून फुटलेल्या पक्षाची ओळख व्हावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

या फुटीमुळे ट्रानमेल मवाळ झाले असे मात्र म्हणता येत नाही. १९२४ च्या लष्करी सेवेवरील बहिष्काराच्या चळवळीबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला. परिवर्तन हळूहळू घडले. १९२७ मध्ये पूर्वी फुटलेले सोशल डेमोक्रॅट पक्षात परतले. १९३३ मध्ये 'सर्व जनतेला काम' या घोषणेवर पक्षाने १५० पैकी ६९ जागा मिळविल्या आणि १९३५ मध्ये शेतकरी पक्षाशी समझोता करून युहान नीगोर्सव्होल यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याच वर्षी कामगार संघ व मालकसंघ यांच्यात मूलभूत करार झाला. १९११ मध्ये करारांवरच आघात करणारा नेता आता करारावर उभारलेल्या व्यवस्थेच्या पक्षाचा प्रमुख संपादक होता.

याला तत्त्वच्युती म्हणावे काय? साधनांपुरते पाहिल्यास आरोप खरा ठरतो. परंतु चळवळीचे निर्णय चळवळीनेच, संघटित कामगारांच्या बळावर घ्यावेत, हे सूत्र १९११, १९२३ आणि १९३५ या तिन्ही प्रसंगी कायम दिसते. अडचण वेगळीच आहे. बाहेरची आज्ञा झुगारणारा हा पुढारी स्वपक्षात स्वतःच मोठी आज्ञाशक्ती बनला होता. कोणता प्रश्न दररोज वाचकांपुढे यावा, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याला मंत्रिपदाची गरज उरत नाही; पण मंत्र्याला संसदेत द्यावा लागणारा जाबही त्याला द्यावा लागत नाही.

१९४० च्या जर्मन आक्रमणानंतर पत्र बंद पडले व ट्रानमेल स्वीडनमध्ये आश्रयास गेले. युद्धानंतर परतून त्यांनी १९४९ पर्यंत संपादकत्व केले. १९३८ पासून ते नोबेल शांतता समितीचेही सदस्य होते. १९४७ मध्ये महात्मा गांधींचे नाव विचारात असता, फाळणीनंतरच्या संघर्षाच्या काळात तो पुरस्कार देण्यास कचरणाऱ्या बहुमतात ते होते, असे समितीचे अध्यक्ष गुन्नार यान यांच्या दैनंदिनीवरून दिसते. पुढील जानेवारीत गांधींची हत्या झाली आणि तो निर्णय बदलण्याची संधी उरली नाही.

ट्रानमेल १९६७ मध्ये निवर्तले. त्यांच्या चरित्राचे महत्त्व त्यांनी भूषविलेल्या पदांत नाही. एखाद्या जनचळवळीत बोलणारा कोण आणि बोलण्याचा विषय ठरविणारा कोण, हा भेद इतिहासकाराने डोळ्यांआड करू नये, हे ते चरित्र शिकविते.