हेतू कोठे ढळतो? महिमभट्ट-मम्मट वादातील एक मर्मस्थान

प्रतिपक्षाचा सिद्धान्त अमान्य करणे आणि त्याच्या युक्तिवादातील नेमका दुबळा दुवा दाखविणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. भारतीय तर्कपरंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. न्यायसूत्रांत सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत असे 5 हेत्वाभास सांगितले आहेत, ते याच जाणिवेतून. अनुमान चुकले एवढे म्हणून भागत नाही. हेतू कोठे ढळला ते सांगावे लागते. या शिस्तीचा काव्यशास्त्रातील सर्वांत लक्षणीय विनियोग ध्वनिसिद्धान्ताच्या वादात आढळतो.

9व्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त व्यंजनेची प्रतिष्ठापना केली. 11व्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त तिच्यावर आघात केला. प्रतीयमान अर्थ त्याने नाकारला नाही. तो अनुमानानेच कळतो, त्यासाठी स्वतंत्र शब्दशक्ती मानण्याचे कारण नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. आनंदवर्धनाचीच उदाहरणे घेऊन त्याने ती अनुमानात बसवून दाखविली. त्यांपैकी एक गाथा महाराष्ट्री प्राकृतातील, हालाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'गाथासप्तशती'तील आहे. गोदातीरावरील कुंज हे नायिकेचे संकेतस्थळ. फुले वेचण्यासाठी तेथे येणारा एक धार्मिक गृहस्थ तिच्या एकांतात विघ्न आणतो. ती त्याला सांगते, की त्याला सतावणाऱ्या कुत्र्याला तेथील सिंहाने मारले आहे, तेव्हा त्याने आता निःशंकपणे हिंडावे. वाच्यार्थ अनुमतीचा, व्यंग्यार्थ निषेधाचा.

महिमभट्टाच्या पक्षाची मांडणी अशी होते : भित्र्या माणसाचे हिंडणे भयकारणाच्या अभावाचे ज्ञान असेल तेव्हाच घडते, गोदातीरी सिंह आहे, म्हणून भित्र्याने तेथे हिंडणे संभवत नाही.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात, महिमभट्टाचे नाव न घेता, या हेतूवर तीन आक्षेप घेतले. गुरूच्या वा स्वामीच्या आज्ञेने, प्रियेच्या ओढीने भित्रा माणूसही भयस्थानी जातो. म्हणून हेतू अनैकांतिक. कुत्र्याला भिणारा वीर सिंहाला भीत नाही, असेही संभवते, म्हणून विरुद्ध. आणि सिंहाचे अस्तित्व प्रत्यक्षाने वा अनुमानाने ठरलेले नाही, ते केवळ नायिकेच्या बोलण्यावरून कळते. बोलणे मात्र वस्तुस्थितीला धरून असेलच असे नाही. म्हणून हेतू असिद्ध.

या तीन आक्षेपांचे बळ सारखे नाही. दुसरा आक्षेप एका शक्यतेवर उभा आहे. नुसत्या शक्यतेने व्याप्ती डळमळते, उलटत नाही. वस्तुतः तो पहिल्याचाच विस्तार ठरतो. तिसरा मात्र मर्मावर बसतो. गाथेचे सारे स्वारस्य सिंह असण्यानसण्यावर नव्हे, तर नायिकेच्या बोलण्यावर अवलंबून आहे. सिंह कल्पित असला तरी निषेध सहृदयाला कळतोच. किंबहुना तो कल्पित आहे या जाणिवेनेच नायिकेचे चातुर्य उमगते.

तथापि मम्मटाचे खंडनही निर्वेध नाही. काव्यात गम्य-गमकांच्या सत्यासत्यतेचा विचार निरुपयोगी आहे, असे महिमभट्टाने स्वतःच म्हटले होते. ज्या कसोटीचा प्रतिपक्षाने आधीच त्याग केला आहे, तिच्यावर तो उतरत नाही असे दाखविल्याने वाद संपत नाही. परंतु महिमभट्टाच्या युक्तिवादाचे खरे मर्मस्थान या त्यागातच आहे. व्याप्ती आणि हेतुसिद्धी काटेकोर ठेवली, तर अनेक उदाहरणे अनुमानाबाहेर जातात. ती शिथिल केली, तर उरणारी प्रतीती संदर्भ, वक्ता, श्रोता आणि सहृदयाची जाण यांवर विसंबते. तिला अनुमान म्हणावे की व्यंजना, हा प्रश्न मग बव्हंशी नावापुरता उरतो.

मम्मटाने हेतूतील दोष अचूक हेरले. पण प्रतिपक्षाला त्याच्याच सवलतीत गाठण्याची संधी त्याने पुरती साधली नाही. वामनाचार्य झळकीकरांच्या 'बालबोधिनी'सह 'काव्यप्रकाश' वाचणाऱ्या अभ्यासकांच्या पिढ्यांनी हे खंडन सहसा अंतिम निर्णय म्हणून स्वीकारले. महिमभट्टाचा पक्ष त्यामुळे पूर्वपक्षापुरता उरला. खंडनातून एखाद्या हेतूचे वैगुण्य सिद्ध होते. खंडन करणाऱ्याचा सिद्धान्त त्यामुळे आपोआप सिद्ध होत नाही. समीक्षेच्या इतिहासलेखनात हा विवेक सुटला, की वादाचा निकाल तेवढा हाती लागतो आणि वाद हरवतो.